बिननावाचं पार्टिशन डिलीट केलं, आता विंडोजही सुरू होत नाही आणि मिंटही. सोसायटीचे हिशेब परत मिळतील का?

कोपरखैरणेकर | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीचा सचिव, वय ६३. मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे.

सोसायटीच्या ऑफिसात २०१४ सालचा डेस्कटॉप आहे, १ टीबीची साधी हार्डडिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं सपोर्ट संपलं आणि विंडोज ११ या जुन्या मशीनवर बसेना. तेव्हा भाच्याने त्याच डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. मशीन चालू केलं की यादी येते, त्यातून हवं ते निवडायचं. हळूहळू मी सगळं काम मिंटमध्येच करू लागलो. सभासदांची थकबाकी, सिंकिंग फंड, लिफ्टच्या देखभालीची बिलं, गणपतीची वर्गणी, समितीच्या सभांची इतिवृत्तं, सगळं तिकडच्या कॅल्क आणि रायटरमध्ये.

काल विंडोजमध्ये सीसीटीव्हीच्या क्लिप उतरवताना डी ड्राइव्ह भरला. जागा कुठे मिळते का म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, चौकोनांनी दाखवतात. त्यात २३५ जीबीचा एक चौकोन दिसला. त्याला ना नाव, ना अक्षर, फाइलसिस्टिमच्या (फाइल मांडण्याच्या पद्धतीच्या) जागीही काही लिहिलेलं नाही. रिकामी जागा पडून आहे असं समजून मी ते पार्टिशन डिलीट केलं. मशीन बंद करून आज सकाळी चालू केलं, तर काळ्या पडद्यावर एवढंच:

एरर: अननोन फाइलसिस्टिम.
एंटरिंग रेस्क्यू मोड...
ग्रब रेस्क्यू>

यापुढे काही होत नाही. भाचा मर्चंट नेव्हीत आहे, सध्या बोटीवर, संपर्क नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळं फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून देतो, जुनं विसरा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आमची २७ तारखेच्या रविवारी आहे. ऑडिट झालंय, ताळेबंद छापून आलाय. पण थकबाकीची सभासदवार यादी आणि एप्रिलपासूनच्या पावत्यांच्या नोंदी फक्त त्या मशीनमध्ये आहेत. पेन ड्राइव्हवर शेवटची प्रत मार्चची. काही करता येईल का?

ऐरोली_१२ | सोमवार, रात्री १०.१५

काका, काळजी करू नका. मिंटच्या पेन ड्राइव्हवरून बूट करा, 'बूट रिपेअर' नावाचं टूल मिळतं, त्यातलं पहिलंच बटण दाबा. माझं ग्रब, म्हणजे सुरुवातीची यादी दाखवणारा प्रोग्राम, गेलं होतं तेव्हा दहा मिनिटांत परत आलं.

नौपाड्याची | सोमवार, रात्री १०.३२

काका, थांबा. बूट रिपेअर आत्ता चालवू नका. मशीनच चालू करू नका, शक्य असेल तर पाठीमागची वायर काढून ठेवा.

ऐरोली, तुमच्याकडे मिंट जागेवर होतं, फक्त त्याच्याकडे नेणारा रस्ता बिघडला होता. इथे मिंटचं घरच पाडलंय. आता डिस्कवर जे काही नवीन लिहिलं जाईल ते त्या घराच्या सामानावर पडू शकतं. बूट रिपेअर लिहितं.

काका, एक प्रश्न आहे, नीट आठवून उत्तर द्या. नुसतं डिलीट केलं असतं तर ग्रबने 'नो सच पार्टिशन' म्हटलं असतं. ग्रब पाचव्या क्रमांकाचं पार्टिशन शोधतो, ते नसलं तर 'असं पार्टिशनच नाही' म्हणतो. तुमच्या पडद्यावर 'अननोन फाइलसिस्टिम' आहे. म्हणजे पाचव्या क्रमांकाला पार्टिशन आहे, पण आतलं ग्रबला वाचता येत नाही. डिलीट केल्यावर तिथे काही नवीन बनवलंत का? फॉरमॅट केलंत का?

विचारते ते दोष द्यायला नाही. पुढचं सगळं या उत्तरावर ठरणार आहे.

कोपरखैरणेकर | सोमवार, रात्री १०.५८

ताई, तुम्ही अचूक पकडलंत. मी लिहायला हवं होतं.

डिलीट केल्यावर ती जागा डी ला जोडायला गेलो, पण 'एक्स्टेंड' हा पर्याय करडाच राहिला, दाबता येईना. म्हणून त्याच जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' केलं. त्याने इ अक्षर दिलं, एनटीएफएस विचारलं, 'क्विक फॉरमॅट'वर खूण आधीपासूनच होती, मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो. पाच-दहा सेकंदांत झालं. त्यात मी एकही फाइल टाकलेली नाही, हे नक्की. लगेच मशीन बंद करून घरी गेलो.

आता सगळं संपलं का? खरं सांगा. संपलं असेल तर उद्यापासून पावती पुस्तकं घेऊन बसतो.

नौपाड्याची | सोमवार, रात्री ११.४०

नाही काका, संपलेलं नाही. पावती पुस्तकं जवळ ठेवा, पण आशा सोडू नका. मी महापेला सर्व्हर सांभाळते, असे प्रसंग पाहिलेत. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे आपण काय करतोय ते तुम्हालाही कळेल.

तुमच्या डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला एमबीआर म्हणतात. तो फक्त ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूट करणाऱ्या प्रोग्रामचे, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याचे, शेवटचे २ बाइट सहीचे. तक्त्यात एका पार्टिशनला १६ बाइट, म्हणून चारच नोंदी मावतात. पाचवं हवं असेल तर चारपैकी एकाला 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करायचं, आणि त्यांचे क्रमांक पाचपासून सुरू होतात. तुमचं मिंट त्या पोटात होतं. डिलीट केल्यावर मोकळी झालेली जागाही पोटातलीच राहिली. डी बाहेरचं, प्रायमरी. म्हणून ती जागा डी ला जोडता येईना.

डिलीट केल्याने तक्त्यातली नोंद जाते, फाइल जात नाहीत. सातबारावरून नाव खोडलं तरी जमीन तिथेच असते, तसं.

आता फॉरमॅटचं. क्विक फॉरमॅट संपूर्ण जागा पुसत नाही. नवीन फाइलसिस्टिमला लागणारा सांगाडा तेवढा लिहितो. एनटीएफएसचं बूट सेक्टर पार्टिशनच्या तोंडाशी बसतं, मुख्य फाइल टेबल सहसा ३ जीबी आत, एक लॉग ६४ एमबीचा, आणखी थोडं काही. २३५ जीबीपैकी सगळं मिळून शंभर एमबीच्या आसपास. बाकीचं जसंच्या तसं.

मिंटची फाइलसिस्टिम ईएक्सटी४. तिचं सुपरब्लॉक, म्हणजे तिचा आकार आणि रचना सांगणारा ब्लॉक, पार्टिशनच्या तोंडापासून १०२४ बाइटवर असतो. तोंडाशीच असल्यामुळे तो नक्की गेला. पण ही फाइलसिस्टिम बनवणाऱ्यांनी हे गृहीत धरलं होतं. सुपरब्लॉकच्या प्रती ती आत जागोजागी ठेवते. ४ केबीचा ब्लॉक असेल तर पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर, म्हणजे १२८ एमबी आत. पुढची ९८३०४ वर, त्यापुढची १६३८४० वर. यातली एक जरी शाबूत असली तरी तिच्या आधाराने बाकीचं उभं करता येतं.

अट एकच. विंडोज सुरू करायचं नाही. विंडोजला आता तो इ ड्राइव्ह आपला वाटतो. इंडेक्सिंग, रिसायकल बिन, रिस्टोअरचं फोल्डर, तुम्ही काही न करता ते तिथे लिहीत राहील.

उद्या दोन गोष्टींची सोय करा. मिंटचा बूट होणारा पेन ड्राइव्ह, आणि १ टीबीपेक्षा मोठी बाहेरची डिस्क. दुरुस्ती मूळ डिस्कवर करायची नाही. आधी तिची हुबेहूब प्रत काढायची, आणि हात लावायचा तो प्रतीला.

घोडबंदर | मंगळवार, सकाळी ७.२०

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. एक महत्त्वाची भर.

काका, तुमची डिस्क फिरणारी आहे म्हणून हे शक्य आहे. गेल्या वर्षी माझ्याकडून अगदी हीच चूक झाली, पण एसएसडीवर. विंडोज क्विक फॉरमॅट करतानाच एसएसडीला 'ट्रिम' पाठवतं. ट्रिम म्हणजे 'ही जागा आता लागत नाही, मोकळी कर' असा निरोप. एसएसडी तो पाळते, आणि मग त्या जागा वाचल्या तर शून्यच हाती येतात. मी तीन रात्री टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही हरवलेला डेटा शोधणारी टूल्स चालवत बसलो. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो होते, त्यातले आजी-आजोबांच्या मोबाइलवर होते तेवढेच राहिले.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो, एसएसडीवर पार्टिशन नुसतं डिलीट झालं असेल तर तिथेच थांबा. फॉरमॅट केलंत तर परतीची वाट जवळजवळ नाही.

सीवूड्सवाला | मंगळवार, सकाळी ९.०५

याच विषयाला धरून विचारतो. माझा नवीन लॅपटॉप, विंडोज ११, ५१२ जीबी एसएसडी. उबुंटूसाठी १०० जीबी काढायचे आहेत. २८० जीबी रिकामे असूनही डिस्क मॅनेजमेंट फक्त १४ जीबीच कमी करू देतंय. लिनक्सच्या जीपार्टेड या पार्टिशनच्या टूलने करू का?

पारसिकच्या_पायथ्याशी | मंगळवार, सकाळी ९.४८

सीवूड्स, वेगळा धागा काढा, इथे काकांचं काम चालू आहे. थोडक्यात सांगतो. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच हत्याराने लहान करायचं, जीपार्टेडने नाही. पार्टिशनच्या शेपटाकडे हलवता न येणाऱ्या फाइल बसलेल्या असतात, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरचे साठे. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, मग पुन्हा पाहा.

त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. नवीन लॅपटॉपवर पुष्कळदा तुम्हाला न कळता चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तेवढ्यापुरतं सस्पेंड करा. बूटच्या मांडणीत बदल दिसला की विंडोज ती की मागतं. आणि उबुंटू टाकताना एफएटी३२ चं छोटं ईएफआय पार्टिशन दिसेल, बहुधा १०० एमबीचं. ते वापरायचं, पण फॉरमॅट करायचं नाही. विंडोजचं बूटही त्यातच असतं.

कोपरखैरणेकर | मंगळवार, दुपारी १.३०

काल रात्री ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला तेव्हा झोप लागली. ३२७६८ हा आकडा डायरीत लिहून ठेवलाय.

मिंटचा पेन ड्राइव्ह भाच्याने ठेवलेला कपाटात सापडला, वर चिकटपट्टीवर त्याच्या अक्षरात 'मिंट' लिहिलंय. एवढी मोठी डिस्क मात्र नाही. सोसायटीच्या खर्चाने घ्यायची तर समितीचा ठराव लागेल, आणि ठराव कशासाठी ते सांगावं लागेल. मी सांगणार आहेच, चूक माझी आहे. पण आधी डेटा हातात येऊ दे असं वाटतं.

नौपाड्याची | मंगळवार, दुपारी २.१०

माझ्याकडे २ टीबीची रिकामी पडून आहे, ईएक्सटी४ करून देते. उद्या संध्याकाळी ठाणे स्टेशनला फलाट १० वर ट्रान्स-हार्बरच्या गाडीला याल का? मी रोज तिथेच उतरते. वेळ व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवली आहे.

कोपरखैरणेकर | बुधवार, रात्री ९.१५

डिस्क मिळाली. ताईंनी फलाटावरच्या बाकावर बसून वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. असं कुणी अनोळखी माणसासाठी करतं, याचं मला अजून नवल वाटतंय.

इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्या पानावरचं इथे टाकतो, ताईंच्या परवानगीने.

पेन ड्राइव्हवरून मिंट 'इन्स्टॉल न करता' सुरू करायचं. डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' दाबायचं नाही. फाइल मॅनेजरमध्ये आतल्या डिस्कचं कुठलंही पार्टिशन उघडायचं नाही, क्लिक केलं की ते माउंट होतं, म्हणजे वापरासाठी जोडलं जातं. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' चालवून कुठली डिस्क एसडीए आणि कुठली एसडीबी ते आकारावरून ओळखायचं आणि कागदावर लिहायचं. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ दिसेल, घाबरायचं नाही. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने. मग 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची तब्येत, त्यात ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळी बघायच्या. मग डिस्कची प्रत काढणारं 'डीडीरेस्क्यू'. त्याला तीन नावं द्यायची, आधी मूळ डिस्क, मग प्रतीची फाइल, शेवटी मॅपफाइल. पहिल्या दोनांची अदलाबदल झाली तर सगळं गेलं, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी मोठ्याने वाचायचं.

या शेवटच्या वाक्याखाली ताईंनी दोन रेघा मारल्यात.

नौपाड्याची | बुधवार, रात्री ९.४०

एक राहिलं. मॅपफाइल बाहेरच्या डिस्कवरच ठेवा, डेस्कटॉपवर नाही. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटचा डेस्कटॉप रॅममध्ये असतो, मशीन बंद झालं की साफ. आणि डिस्क कॅबिनेटच्या मागच्या निळ्या पोर्टला लावा. तो यूएसबी ३ आहे. पुढच्या काळ्या पोर्टला लावलीत तर सात-आठ तास जातील.

कोपरखैरणेकर | गुरुवार, दुपारी ४.२०

सकाळी अकराला सुरू केलं. स्मार्टमध्ये ५ समोर शून्य आहे, पण १९७ समोर ८. हे वाईट का?

दुसरं, ३८ टक्क्यांवर लाईट गेली. युपीएस आठ मिनिटं टिकला आणि मग सगळं बंद. मी काळजीत बसून होतो. तासाभराने लाईट आल्यावर पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, तीच आज्ञा तशीच दिली, आणि ३८ टक्क्यांपासूनच पुढे चालू झालं. ताई, मॅपफाइल डेस्कटॉपवर ठेवली असती तर?

नौपाड्याची | गुरुवार, दुपारी ४.४५

तर पहिल्यापासून. कुठले भाग वाचून झाले आणि कुठले राहिले ते मॅपफाइलमध्ये लिहिलेलं असतं, डीडीरेस्क्यू ते वाचून पुढे जातं.

१९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर, डिस्कला वाचताना अडखळायला होतं ते. ८ म्हणजे बहुधा एकच जागा, कारण आजच्या डिस्कवर ५१२ चे आठ मिळून ४०९६ बाइटचा एक खरा सेक्टर होतो. तेवढ्याने डिस्क आज मरत नाही. पण आता तिच्यावर हिशेब ठेवायचे नाहीत. नशीब की साधं 'डीडी' वापरलं नाही, ते पहिल्या चुकीलाच थांबतं.

कोपरखैरणेकर | गुरुवार, रात्री ८.०५

पूर्ण झालं. शेवटी ४०९६ बाइट वाचता आले नाहीत, बाकी सगळं उतरलं. ताई, तुम्ही म्हणालात तसाच एकच सेक्टर.

ऐरोली_१२ | गुरुवार, रात्री ८.३०

मस्त काका! आता सुपरब्लॉक नक्की कुठे आहेत ते बघायला 'एमकेई२एफएस' ला उणे एन देऊन चालवा, पूर्ण यादी येते.

घोडबंदर | गुरुवार, रात्री ८.३६

ऐरोली, हा सल्ला देताना उणे एन न देण्याचा परिणामही लिहा. उणे एन असेल तर ती आज्ञा फक्त यादी दाखवते. ते राहून गेलं तर ती खरोखर नवी फाइलसिस्टिम बनवते आणि उरलेल्या प्रतीही पुसते. काका, तुमचा आकडा आधीच डायरीत आहे. याची गरज नाही.

ऐरोली_१२ | गुरुवार, रात्री ८.४०

बरोबर, चुकलं माझं. काका, वरचं करू नका.

नौपाड्याची | गुरुवार, रात्री ९.१०

काका, आता पानाची मागची बाजू. मूळ डिस्कची वायर काढून टाका, तिचं काम झालं. प्रतीच्या फाइलवर टेस्टडिस्क चालवा. 'अॅनलाइज', मग 'क्विक सर्च', नाही सापडलं तर 'डीपर सर्च'. टेस्टडिस्क डिस्कभर फाइलसिस्टिमच्या खुणा शोधत जातं, त्यात सुपरब्लॉकच्या प्रतीही येतात. २३५ जीबीची लिनक्सची ओळ दिसली की तिची सुरुवात आणि शेवट, दोन्ही सेक्टर लिहून घ्या. काही 'राइट' करू नका. तेवढाच भाग प्रतीमधून वेगळ्या फाइलमध्ये काढा, आणि त्या वेगळ्या फाइलवर फाइलसिस्टिम दुरुस्त करणारा 'ई२एफएससीके', उणे बी ३२७६८, मोठं बी ४०९६.

तो शेकडो प्रश्न विचारेल. ही प्रतीची प्रत आहे, बिनधास्त सगळ्याला हो म्हणा.

कोपरखैरणेकर | शुक्रवार, दुपारी १२.५०

मंडळी, सापडलं.

टेस्टडिस्कला पाऊण तास लागला. एनटीएफएसच्या ओळीखाली लिनक्सची ओळ आली, तिच्यापुढे 'बॅकअप सुपरब्लॉक' असं काहीसं. दोघांची सुरुवात एकाच सेक्टरला. मग दुरुस्तीची आज्ञा. पडदाभर ओळी धावल्या, वाचता येतील अशा नव्हत्या. ती फाइल फक्त वाचण्यापुरती माउंट केली.

पहिल्यांदा 'होम' दिसलं. आत माझं नाव. आत 'सोसायटी'. फोल्डर जसंच्या तसं, वर्षांप्रमाणे लावलेलं.

थकबाकीची फाइल मात्र जागेवर नव्हती. वर्गणीचीही नव्हती. मग ताईंनी पानाच्या तळाशी लिहिलेलं आठवलं, 'लॉस्ट-फाउंड बघा'. त्या फोल्डरमध्ये नऊ फाइल होत्या. एकीलाही नाव नाही, नुसतं # आणि पुढे सहा-सात आकडे. 'फाइल' ही आज्ञा प्रत्येकीवर चालवली. तीन ठिकाणी 'ओपनडॉक्युमेंट स्प्रेडशीट' आलं. दुसरी उघडली. पहिल्या स्तंभात सदनिका क्रमांक, दुसऱ्यात नाव, आणि ज्यांची तीन महिन्यांहून जास्त बाकी आहे त्यांच्या ओळी पिवळ्या. तो पिवळा रंग मी स्वतः दिलेला. खाली सरकत गेलो, शेवटची नोंद शनिवारची, ३०४ चे ४,२०० रुपये. त्याच दिवशी त्यांनी जिन्यात दिले होते.

ऑफिसात एकटाच होतो. पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

नौपाड्याची | शुक्रवार, दुपारी १.०२

काका!! खूप आनंद झाला. ऑफिसमध्ये शेजारच्या टेबलवरच्यांनाही सांगितलं.

आता आधी ती फाइल दोन ठिकाणी कॉपी करा. एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःला मेल. मग जेवा.

पारसिकच्या_पायथ्याशी | शुक्रवार, दुपारी २.३०

अभिनंदन काका. वाचनखूण साठवली आहे.

नवीन मांडणी करताना काही गोष्टी पाहा. डिस्क नवीनच घ्या, पेंडिंग सेक्टर असलेल्या डिस्कवर पुन्हा डाव मांडू नका. ५०० जीबीची एसएसडी त्या मशीनला पुरेल. नवीन डिस्कवर पार्टिशनचा तक्ता नव्या जीपीटी पद्धतीचा करायचा की जुन्या एमबीआरचा, ते मशीन यूईएफआयने, म्हणजे नव्या पद्धतीने, बूट होतं का त्यावर ठरवा. होत असेल तर जीपीटी. त्यात १२८ पार्टिशनची सोय असते, एक्स्टेंडेडचा गुंता नाही, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी आपोआप राहते. विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच पद्धतीने टाका, एक यूईएफआय आणि एक जुन्या पद्धतीने असं नको.

सोसायटीच्या फाइल मिंटच्या पोटात ठेवू नका. डी हे एनटीएफएस पार्टिशन दोघांनाही दिसतं, तिथे ठेवा. पण त्यासाठी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं लागेल. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, डी त्याच्या ताब्यात राहतो, आणि मिंटला तो फक्त वाचण्यापुरता मिळतो. 'पॉवरसीएफजी, हायबरनेट ऑफ' ही आज्ञा अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून दिली की हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातं.

घोडबंदर | शुक्रवार, दुपारी ३.१५

आणि जुनी डिस्क पुन्हा लावून विंडोज उघडायचं असेल, तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन 'बूटरेक फिक्सएमबीआर' पुरेल. ताईंनी सांगितलेल्या ४४६ बाइटमधला ग्रब जाऊन तिथे विंडोजचा प्रोग्राम येतो, पार्टिशनच्या तक्त्याला तो हात लावत नाही. पण हे सगळा डेटा दोन ठिकाणी गेल्यावरच.

सीवूड्सवाला | शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

माझं १०० जीबी निघालं, हायबरनेशन बंद केल्यावर. धन्यवाद. फक्त आता विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे जातंय.

पारसिकच्या_पायथ्याशी | शुक्रवार, संध्याकाळी ६.५२

दोघांचं वेळ ठेवण्याचं गणित वेगळं आहे. मशीनच्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच इथली वेळ समजतं, आणि आपण साडेपाच तास पुढे. उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या. आता खरंच वेगळा धागा काढा.

कोपरखैरणेकर | रविवार, सकाळी १०.१०

काल समितीच्या सभेत सगळं सांगितलं, काय केलं आणि कसं परत मिळालं ते. कुणी रागावलं नाही. नव्या एसएसडीचा आणि एका बाहेरच्या डिस्कचा ठराव मंजूर झाला. खजिनदारांनी सुचवलं की दर महिन्याच्या १० तारखेला, देखभालीची बिलं निघाली की एक प्रत त्यांच्या घरी. इतिवृत्तात तसं नोंदवलंय.

थकबाकीची यादी बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिली. दोन पावत्या कमी निघाल्या, ६०२ आणि १०४, त्या पुस्तकातून भरल्या. यादी छापून नोटीस बोर्डावर लावली आहे.

नवीन मांडणी झाली की डिस्क मॅनेजमेंटचा पडदा मोबाइलवर टिपून त्याची प्रिंट कॅबिनेटच्या बाजूला चिकटवणार आहे. बिननावाच्या चौकोनावर लाल पेनाने 'मिंट' लिहून.

ताई, तुमची डिस्क मी मोकळी केलेली नाही. प्रत सभा होईपर्यंत तशीच राहू द्या असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून ठेवली आहे. २८ तारखेला संध्याकाळी फलाट १० वर, त्याच बाकावर घेऊन येतो. सौ.ने नारळाच्या वड्या करून ठेवल्यात, त्या नाही म्हणू नका.

नौपाड्याची | रविवार, सकाळी १०.३५

येते काका. वहीचं एखादं कोरं पानही आणा, जीपीटीवर बूट कसं बसवायचं ते लिहून देते.